प्रेमदासच्या नावाचा दाखला

प्रेमदास खेमा आडे हे नाव वसमतच्या बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. वसमतमध्येही लोक त्याला "कॉलेजातला कॉम्प्युटरवाला" एवढंच म्हणत. त्याच्याबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. जन्मभर लिहिलं ते तक्रारींच्या रजिस्टरात, "जोडी बदलली, लाइन चालू" एवढंच. पण त्याचं काम मी जवळून पाहिलं आहे, आणि ते त्याच्या हातून गेलं त्यात माझाही हात होता. म्हणून जमेल तसं लिहितो.

हिंगोली जिल्हा नवा झाला, त्या नव्व्याण्णव सालची गोष्ट. एक बारीक अंगाचा, तिशीच्या आतला माणूस दुपारच्या वेळी एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्याकडे चपला बाहेर काढूनच आत यावं लागे. आत यंत्रं होती, धूळ चालत नसे. बहुतेक लोकांना हे दोनदा सांगावं लागायचं. यानं न सांगता चपला काढल्या, त्या भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि म्हणाला, "साहेब, माझी लाइन तुटती."

"कधीपासून?"

"रोज सकाळी दहा पाचला, अन दुपारी दोन पाचला. रविवारी तुटत न्हाई."

त्यानं खिशातून एक छोटी वही काढून माझ्यापुढं धरली. तीन आठवड्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. माझ्या नोकरीत लोक "फोन मेला" एवढं सांगून निघून जायचे. वेळा लिहून आणणारा हा पहिलाच. त्याची खोली कापसाच्या जिनिंगच्या मागं होती, आणि दहाला अन दोनला जिनिंगच्या मोटरी सुरू व्हायच्या. आमची तार त्यांच्या विजेच्या तारेला चिकटून गेली होती. बोलणाऱ्याला नुसती खरखर ऐकू यायची, पण ह्याचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरूनच इंटरनेटला लागायचा, तो त्या खरखरीत लाइन सोडून द्यायचा. मी दुसऱ्या खांबावरून तार ओढून दिली. त्या दिवसापासून तो मला काका म्हणायला लागला.

त्याचा तांडा सेनगाव तालुक्यात, गोरेगावपासून कोस-दीड कोसावर. तांड्यातला तो पहिला डिप्लोमा झालेला. कॉलेजात तो लॅब असिस्टंट होता. पोरांचे कॉम्प्युटर चालू करून देणं, बंद करणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणं हे त्याचं पगाराचं काम. खरं काम तो खोलीवर करायचा, आणि ते काय आहे हे समजायला मला वर्ष लागलं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. कॉम्प्युटर चालवायला जी मूळ व्यवस्था लागते, ती विकत मिळते, तशी फुकटही मिळते. फुकटची जगभरची माणसं बिनपगारी मिळून तयार करतात. कुणी लिहितं, कुणी तपासतं, कुणी बांधतं. प्रेमदास बांधणाऱ्यांपैकी होता. त्याच्याकडे एकच पॅकेज, म्हणजे बांधून द्यायचा एकच प्रोग्राम, होतं. एखाद्या ऑफिसात किंवा कॉलेजात शेकडो मशीनं असली, की त्यांवर बसणारा माणूस नाव आणि पासवर्ड देतो. ते नाव एका मधल्या मशीनकडे जातं आणि ते मशीन सांगतं, हा आपला आहे, याला आत घ्या. किंवा हा आपला नाही. हे सांगणारा प्रोग्राम परदेशात कुणी लिहिलेला होता. पण तो कुठंही, कुणाच्याही मशीनवर एका हुकमात नीट बसला पाहिजे, जुन्या मांडणीला धक्का लागता कामा नये, पासवर्डांची फाइल परक्यानं वाचता कामा नये, आणि नको झाला तर मागं कचरा न ठेवता निघाला पाहिजे, हे सगळं प्रेमदास बघायचा. असं पॅकेज सांभाळणाऱ्याला त्यांच्यात रखवालदार म्हणत, आणि पॅकेजवर त्याचं नाव लागे.

त्याच्या बापाला हे माझ्यापेक्षा लवकर कळलं.

खेमा आडे एकदा वसमतच्या बाजारात हळद घेऊन आला होता. मी खोलीवर गेलो तर तो उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता, आणि आत प्रेमदास पडद्याकडे तोंड करून.

"साहेब, तुमी तरी सांगा," खेमा म्हणाला. "हे पोरगं करून काय राहिलं? कालेजातून येतं, अन पुन्हा ह्या डब्याच्या तोंडी बसतं. ह्याचा पगार वेगळा भेटतो काय?"

"नाही बाबा. याला पगार नसतो."

"मंग काहून करतो?"

प्रेमदास खुर्चीतच वळला. "बा, आपल्या तांड्यात नवा माणूस आला तर नायक काय करतो?"

"पाणी देतो."

"त्याच्या नंतर?"

"नंतर इचारतो. कोणचा तांडा, कोणाचा नातू, तुला इथं वळखतं कोण. वळखणारा कोणी निघाला तर बसायला बाज, न्हाई तर राम राम."

"तेच काम करणारा प्रोग्राम हाय हा."

खेमानं तंबाखू ओठात ठेवली. "म्हंजे तू नायक झाला म्हण की."

"नायक दुसऱ्यानं घडवला. मी त्याला बांधून गावोगाव पोचवतो."

"हां! मंग असं म्हण ना लदणी करून राहिलो म्हणून." खेमा माझ्याकडे वळला. "माझा आजा बैलावर मीठ लादायचा, साहेब. गोण्या दोनी बाजूनं बराबर पायजेत, न्हाई तर बैलाची पाठ सोलती. अन गाठ अशी पायजे का उतरवणारा परका असला, अन आपुन तिथं नसलो, तरी एका हिसड्यात सुटली पायजे."

प्रेमदास मोठ्यानं हसला. तो क्वचित हसायचा. "बा, ह्याच गोष्टीचं त्या लोकांनी नियमांचं जाड पुस्तक केलंय."

"मंग त्यांचा आजा बी लदणी करत असंल," खेमा म्हणाला.

त्यानंतर मी अधूनमधून संध्याकाळी त्याच्या खोलीवर जायचो. समजायचं थोडंच, पण बसून बघायला आवडायचं. ब्राझीलमधल्या एका शाळेनं त्याला पत्र लिहिलं होतं, की तुमच्या पॅकेजमुळं आमच्या साठ मशीनचं काम अर्ध्या दिवसात झालं. ते त्यानं मला वाचून दाखवलं, मग म्हणाला, "ह्यांना माहीत न्हाई वसमत कुठं हाय ते." त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट बरंच वाटत असावं.

पहिली दोन वर्षं त्याचं पॅकेज दुसरा कुणी तरी तपासून वर, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्यांच्या साठ्यात, चढवायचा. स्वतः चढवायचं तर त्या मंडळींचा सभासद व्हावं लागे, आणि सभासदाची स्वतःची सही लागे. ही सही शाईची नाही. एक फार मोठी गुप्त संख्या, जी फक्त त्याच्याच मशीनवर असते. तिनं त्यानं पॅकेजवर सही केली, की पलीकडचं मशीन ओळखतं, हे प्रेमदासनंच पाठवलं. पण ही सही खरोखर प्रेमदास आडे नावाच्या माणसाचीच आहे हे कोण सांगणार? तर एखाद्या जुन्या सभासदानं त्याला समोरासमोर भेटायचं, सरकारी ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघायचा, आणि मग आपल्या सहीनं साक्ष द्यायची. हिंगोली जिल्ह्यात असा सभासद कुठून असणार? सगळ्यात जवळचा बंगळूरला होता, आणि त्याला पासपोर्ट दाखवलेला बरा असं प्रेमदासला कुणीतरी कळवलं.

म्हणून त्यानं पासपोर्ट काढला. चौकशीला जमादार तांड्यावर गेले. ती हकीकत खेमाच सांगायचा.

"कोणत्या देशाला चालला पोरगा?"

"बंगळूरला."

"अरे बाबा, बंगळूरला पासपोर्ट लागतो काय? मंग काढला काहून?"

"तिथं एका माणसाला दाखवायचाय म्हणतो. दाखवून वापस येणार."

जमादारांनी पेन खाली ठेवलं म्हणे. "पोरगं डोक्यानं बराबर हाय ना?"

"डोक्यानंच हाय, साहेब," खेमा म्हणाला. "तीच तर तकलीफ हाय."

दोन हजार एकच्या हिवाळ्यात तो बंगळूरला गेला. तिथल्या गृहस्थांनी पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, आणि त्याच्या सहीची खूण म्हणून जी चाळीस अक्षरं असतात ती एकेक करून मोठ्यानं वाचली. प्रेमदासनं आपल्या कागदावर एकेक टिचकी मारली. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी जाऊन-येऊन चार दिवसांचा प्रवास. परत आला तेव्हा लग्न ठरल्यासारखा चेहरा होता. लग्नही पुढच्या वर्षी झालं. त्याची बायको दिपा अंगणवाडीत कामाला होती. ती म्हणायची, "माझ्याआधी ह्यांची एक सवत घरात हाय, अन तिला पासवर्ड लागतो."

चार वर्षं त्याचं पॅकेज त्याच्याच सहीनं वर गेलं.

दोन हजार पाचच्या वैशाखात वावटळ उठली आणि आमच्या भागातल्या विजेच्या तारा एकमेकींवर आदळल्या. दिवे एकदम पांढरेफटक झाले आणि फुटले. माझ्या बायकोचा, सुमनबाईचा, मिक्सर जळला. प्रेमदासचा कॉम्प्युटर जळला, आतल्या डिस्कसकट.

"डिस्क गेली तर जाऊ द्या काका," तो म्हणाला. "काम सगळं वर चढवलेलं हाय. अन सहीची नक्कल फ्लॉपीवर हाय."

फ्लॉपी पत्र्याच्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवलेली होती. कॉलेजातल्या मशीनमध्ये घातली तर टक टक वाजत राहिली, वाचली गेली नाही. तीन मशीनमध्ये घालून बघितली. आत बुरशीचा पांढरा ठिपका धरला होता. लोकांच्या मशीनवर काय काय बिघडेल याचा रोज विचार करणारा माणूस, पण चार वर्षांत ती फ्लॉपी त्यानं एकदाही उघडून बघितली नव्हती.

सही गेली, म्हणजे तो कोण हे सांगणारं काही उरलं नाही. आणि नेमकी त्याच महिन्यात त्या फुकटच्या व्यवस्थेची नवी आवृत्ती निघायची होती. तीन वर्षांनी निघणारी. त्यात ज्याचं पॅकेज असेल ते जगभर जाणार. त्यातच बाहेरच्या कुणाला त्याच्या प्रोग्राममध्ये एक भोक सापडलं. दारावर कुणी भलतंच लांब नाव सांगितलं, की आतल्या नायकाला भोवळ यायची, आणि त्या भोवळीत दार उघडं राहू शकायचं. दुरुस्ती लिहिणाऱ्यांनी लिहून दिली होती. ती घालून पॅकेज नव्यानं बांधायचं आणि मंगळवारच्या आत वर चढवायचं. नाही तर ते आवृत्तीतून गळणार, किंवा दुसऱ्या कुणाला तरी हातात घ्यावं लागणार.

कॉलेजातल्या मशीनवर बसून त्यानं दोन दिवसांत बांधून ठेवलं. तयार. पण सहीशिवाय ते जागचं हलत नव्हतं.

बंगळूरचे गृहस्थ तोवर अमेरिकेला गेले होते. पुण्यात एक नवा सभासद झाला होता. त्याला प्रेमदासनं मेल केला, नवी सही तयार केली आहे, साक्ष द्याल का म्हणून. त्याचं उत्तर आलं: रविवारी सकाळी अकराला शिवाजीनगरच्या स्टँडवर भेटू, पासपोर्ट आणा.

बुधवारी संध्याकाळी हे सगळं त्यानं मला सांगितलं. चाळीस अक्षरांच्या छापील चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. त्यातली एक मला दाखवायला दिली. ती माझ्याच खिशात राहिली.

"अन रविवारी तो माणूस आला न्हाई तर?" मी विचारलं.

"तर न्हाई."

"दुसरा काही कागदबिगद चालत नाही का रे?"

"कागद चालत न्हाई, काका. माणसानं माणूस पाह्यला पाहिजे."

हे मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. आमचं सगळं आयुष्य दाखल्यावर गेलेलं. रहिवासाचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला. गोल शिक्का असला की माणूस खरा. मला वाटलं, पोरगं सरळ आहे, मागायला लाजतं. पुण्याचा माणूस आला तर उत्तमच, नाही आला तर आपला कागद हाताशी असावा. त्याला न सांगता करावं, म्हणजे ओझं वाटणार नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि हिंगोली, सेनगाव, गोरेगाव करत जीपनं तांड्यावर गेलो. सरपंच संतराम लिंबाखाली दाढी करून घेत होते. साबण तोंडाला तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं.

"कोणत्या देशाला पाठवायचा म्हणता?"

"फिनलंड. त्याच्या कामातला एक माणूस तिथं आहे."

"तिथं आपला शिक्का चालंल?"

"शिक्का कुठंही चालतो," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

त्यांनी दाखला लिहिला: श्री. प्रेमदास खेमा आडे हे आमच्या तांड्याचे कायमचे रहिवासी असून मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे, सबब दाखला दिला असे. खाली सही आणि गोल शिक्का. खेमानं अंगठा दिला. पारुबाई, प्रेमदासची आई, चुलीपुढून उठून आली.

"माझा बी घ्या."

"एकाचा पुरे आहे, बाई."

"ह्यांचा काहून पुरे? पैदा मी केलं. म्या वळखत न्हाई का त्याला?"

म्हणून दोन अंगठे झाले.

शुक्रवारी सकाळी मी दाखल्याला इंग्रजी पत्र जोडलं. माझं इंग्रजी खात्यातलं, अर्जाचं. मी सदर इसमास सहा वर्षे ओळखतो, त्याची जुनी सही जळाली आहे, नवी सही सोबत जोडली आहे, तरी त्यास आत घेण्याची कृपा करावी. खिशातली चिठ्ठी त्याच्याखाली चिकटवली आणि एक्स्चेंजचा शिक्का मारला. फिनलंडचा एक सभासद प्रेमदासच्या कामात मदत करायचा. त्याच्या छापून घेतलेल्या एका मेलखाली त्याच्या विद्यापीठाचा फॅक्स नंबर होता. तो मेल प्रेमदासनंच मला कधी तरी वाचायला दिला होता. दुपारी तीन पानं फॅक्स केली. पोच आली. मला इतका आनंद झाला की मी येताना पेढे घेऊन घरी गेलो.

शनिवारी सकाळी प्रेमदास एक्स्चेंजमध्ये आला. चपला घालूनच आत आला. हातात एक छापील कागद होता.

"काका, फिनलंडला काही पाठवलं तुमी?"

मी हो म्हणालो. मोठ्या कौतुकानं म्हणालो. मग त्याचा चेहरा बघितला.

त्यानं मला तो कागद मराठीत सांगितला, हळू, एकेक वाक्य. सर्व सभासदांना कळवण्यात येते की, लॉगिनच्या पॅकेजची सही हरवल्याचं सांगून त्याच्या रखवालदाराच्या नावानं नवी सही मान्य करा, अशी मागणी करणारे कागद अनोळखी नंबरावरून आले आहेत. कागद अनोळखी लिपीत आहेत, त्यांवर अनोळखी शिक्के आणि अंगठे आहेत. आवृत्ती निघायला चार दिवस असताना, आणि तेही नेमक्या लोकांना आत घेणाऱ्या पॅकेजसाठी. या माणसानं आजवर कधी असे कागद पाठवलेले नाहीत. त्याच्या नावानं दुसराच कुणी शिरू पाहत असण्याची शक्यता आहे. चौकशी होईपर्यंत या नावाच्या कोणत्याही नव्या सहीला कुणी साक्ष देऊ नये.

"म्हणजे उद्याचं पुणं?" मी विचारलं.

"सगळ्यांना गेलाय हा मेल. त्यालाही गेलाय."

"त्यांना काही अक्कल आहे का? शिक्का मारलेला दाखला..."

"त्यांचं बराबर हाय, काका." तो स्टुलावर बसला. "मी तिथं असतो तर मीच लिहिला असता हा मेल. मागं एकदा लिहिलाही होता, दुसऱ्या एकाबद्दल."

"मग मी कळवतो. मीच पाठवलं म्हणून लिहितो."

"काय लिहिणार? तुमी म्हंजे तुमीच म्हणून? तुमाला तिथं कोण वळखतं?" आवाज चढला नव्हता. "आता काहीच लिहू नका, काका. हात जोडतो."

त्यानं स्वतः लिहिलं. सगळी हकीकत, मिक्सरपासून अंगठ्यांपर्यंत. तासाभरात फिनलंडहून उत्तर आलं. सभ्य उत्तर होतं. हे खरं असेल असं मला वाटतं, पण हा मेलही सहीशिवाय आहे; तुम्हीच लिहिला आहे हे मी कशावरून धरू?

तरी तो पुण्याला गेला. मी बरोबर गेलो. ये म्हणाला नाही, येऊ नका असंही म्हणाला नाही. सकाळी शिवाजीनगरला उतरलो. अकराला पाच कमी असताना पाठीवर पिशवी लावलेला एक पंचविशीचा मुलगा आला. तो आला याचंच मला नवल वाटलं. त्यानं आम्हाला चहा पाजला. प्रेमदासनं पासपोर्ट पुढं केला. त्यानं उघडला, फोटो बघितला, चेहरा बघितला, पानं उलटली. आतली सगळी पानं कोरी होती. मग मिटून परत दिला.

"सर, तुम्हीच आडे आहात याबद्दल मला शंका नाही," तो म्हणाला. "पण मला थांबायला सांगितलंय. मी आज सही केली तर माझ्या सहीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

"बराबर हाय," प्रेमदास म्हणाला.

मला राहवलं नाही. "अहो, मी त्याला रोज बघतो. मी टेलिफोन खात्यातला माणूस आहे. माझं आयकार्ड बघा."

त्या मुलानं माझं आयकार्डही बघितलं, दोन्ही बाजूंनी. मला वाईट वाटू नये म्हणून बघितलं असावं. "काका, तो फॅक्स तुमचा का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं आयकार्ड परत दिलं. प्रेमदासनं खिशातून चाळीस अक्षरांची चिठ्ठी काढून बघितली आणि ती पुन्हा खिशात ठेवली. मग ते दोघं अर्धा तास त्या भोकाबद्दल बोलले, दुरुस्ती कशी घालायची याबद्दल. शेजारून कुणी बघितलं असतं तर जुने दोस्त वाटले असते.

मंगळवारच्या आत फिनलंडच्या माणसानं दुरुस्ती घालून पॅकेज आपल्या सहीनं वर चढवलं. प्रेमदासनं कॉलेजातल्या मशीनवर ते उतरवून घेतलं आणि ओळ न ओळ वाचलं. मी विचारलं, कसं बांधलंय. "चांगलं हाय," तो म्हणाला. "एक गोष्ट माझ्यापेक्षा सोपी केली त्यानं." आवृत्ती निघाली. पुढं दोन महिन्यांनी रखवालदाराच्या जागी त्या माणसाचं नाव लागलं. प्रेमदासचं नाव खाली, जुन्या नोंदींमध्ये राहिलं.

त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला नाही. कॉलेजनं त्याला परीक्षा विभागात टाकलं, हॉल तिकिटं छापायला. संध्याकाळी तो घरीच असायचा. मी जायचो, पण पूर्वी तो पडद्याकडे तोंड करून बसायचा तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. आता दोघं समोरासमोर बसलो की बोलायला काही नसायचं.

पुढच्या वर्षी आषाढात कॉलेजात त्याच्या टेबलाशी मी बसलो असताना त्याला एक मेल आला. अमेरिकेला गेलेल्या त्या बंगळूरच्या गृहस्थांनी सगळ्यांना कळवलं होतं, की या माणसाला मी भेटलो आहे, तो खरा आहे, आणि त्याच्या गावची माणसं असे कागद पाठवतीलच. चौकशी मिटली. झाल्या तकलिफीबद्दल दिलगिरी. आता कोणीही सभासद साक्ष देऊ शकेल. फिनलंडच्या माणसानं खाली स्वतःहून लिहिलं होतं, की आपण दोघं मिळून पॅकेज सांभाळू, मला आवडेल.

मी खुर्चीतून उठलोच. "प्रेमदास, उद्याच पुण्याला जाऊ. आज कळव त्या पोराला."

"पाहू, काका."

"पाहू काय? वर्षभर ह्याचीच वाट बघितली ना आपण?"

"तुमी बघितली," तो म्हणाला. तेवढंच. त्यानं मेल बंद केला आणि पुन्हा हॉल तिकिटांकडे वळला. एका पोराचा फोटो उलटा छापला गेला होता, तो सरळ करायला लागला.

मला त्या रात्री राहवलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच गेलो. दिपा चहा टाकत होती. मी उभ्यानंच विचारलं, "खरं सांग. माझ्यामुळं नको म्हणतोस का?"

त्यानं मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, "काका, तुमच्यामुळं न्हाई म्हणलं तर खोटं होईल. अन तुमच्यामुळं म्हणलं तर तुमाला झोप लागायची न्हाई. चहा घ्या."

मी चहा घेतला.

त्या मेलला त्यानं काय उत्तर दिलं, दिलं का नाही, मी पुन्हा विचारलं नाही. त्याच्या पुढची आवृत्ती निघाली तेव्हा मी रिटायर होत आलो होतो. कॉलेजातल्या एका मास्तरांना सांगून मी त्या पॅकेजचं पान कॉम्प्युटरवर काढायला लावलं. रखवालदाराच्या जागी एकच नाव होतं. ते फिनलंडचं नाव मला वाचता येईना, म्हणून मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं.